ध्येय सापडतं कुठं? अण्णासाहेब कर्वे यांच्या आयुष्यातून उद्दिष्ट आणि कष्ट यांचा हिशेब

आजचा विषय 'जीवनाचं उद्दिष्ट आणि परिश्रम यांचा मेळ' असा आहे. तसा हा विषय आपल्याला नवा नाही. 'माझे ध्येय' हा निबंध आपण सगळ्यांनीच शाळेत लिहिलेला आहे. कुणी डॉक्टर व्हायचं लिहिलं, कुणी सैन्यात जायचं लिहिलं, आणि दहापैकी सात गुण घेऊन आपण पुढच्या निबंधाकडे वळलो. अडचण अशी की आयुष्यात हा प्रश्न पुन्हा येतो तेव्हा गुण द्यायला गुरुजी नसतात.

आजच्या व्याख्यानाआधी श्रोत्यांकडून बरेच प्रश्न आले. ते वाचताना तीन प्रकारची माणसं आपल्याला दिसतात. पहिला म्हणतो, 'कष्टाला मी मागे नाही, पण हे सगळं कशासाठी चाललंय तेच कळत नाही.' दुसरी म्हणते, 'मला काय करायचंय ते पक्कं माहीत आहे, पण नोकरी, घर आणि प्रवास यातून वेळच उरत नाही.' आणि तिसरा? त्याचा प्रश्न सगळ्यांत जड आहे. 'एका ध्येयासाठी मी सहा वर्षं दिली. परीक्षा निघाली नाही. आता वय संपत आलं. मग ही सहा वर्षं फुकट गेली का?'

या तिघांनाही उपयोगी पडेल असं काही बोलायचं तर नुसत्या सुविचारांनी भागणार नाही. म्हणून आज आपण एकच आयुष्य घेणार आहोत आणि ते जरा जवळून पाहणार आहोत. ते आयुष्य धोंडो केशव कर्वे यांचं, म्हणजे आपले महर्षी अण्णासाहेब कर्वे. १८५८ ते १९६२, एकशे चार वर्षं. 'महर्षी' म्हटलं की आपण हात जोडतो आणि विचार करायचं थांबवतो. आज जरा वेगळं करू. त्यांच्याकडे देव्हाऱ्यातली मूर्ती म्हणून न पाहता, एक कोकणातला मुलगा, एक शिक्षक आणि एक संसारी माणूस म्हणून पाहू.

परीक्षेला न बसू दिलेला मुलगा

कर्वे मूळचे दापोलीजवळच्या मुरुडचे. घरची परिस्थिती बेताची. त्या काळात सहावी इयत्तेची सरकारी परीक्षा असायची. ती पास झालं की मास्तरकी किंवा सरकारी नोकरी मिळण्याची सोय व्हायची. आजच्या भाषेत सांगायचं तर ती त्या काळची स्पर्धा परीक्षाच. परीक्षेचं केंद्र होतं साताऱ्याला. मुरुडहून सातारा म्हणजे मध्ये अख्खा सह्याद्री. तरुण धोंडो आपल्या सोबत्यांबरोबर घाट चढून, शंभरावर मैल चालत साताऱ्याला पोचला. आणि तिथं काय झालं? परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही. शरीरानं किरकोळ होता, एवढंच. त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. आला तसा परत.

पुढे ती परीक्षा तो पास झाला. मॅट्रिक झाला १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाला १८८४ साली, सव्विसाव्या वर्षी. आज एखाद्याचं इतकं 'उशिरा' झालं, तर नातेवाईक लग्नकार्यात भेटल्यावर काय काय विचारतील ते तुम्हाला सांगायला नको.

बी.ए. झाल्यावर मुंबईत ते वेगवेगळ्या शाळांमध्ये गणित शिकवत होते, वर खासगी शिकवण्या होत्याच. सकाळपासून रात्रीपर्यंत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी. आता प्रश्न असा की या काळात त्यांचं ध्येय काय होतं? स्त्रीशिक्षण? विद्यापीठ? छे. पोट भरणं, कर्ज न होऊ देणं आणि गावाकडच्या माणसांना जमेल तेवढा हातभार लावणं. मुरुडसाठी म्हणून त्यांनी एक फंड सुरू केला होता. गावाबाहेर कमावणाऱ्या माणसांनी मिळकतीतला अगदी थोडा भाग गावाच्या कामासाठी बाजूला काढावा, अशी कल्पना. लहानशीच गोष्ट. पण स्वतःच्या संसाराबाहेरच्या कामाचा हिशेब ठेवायची सवय इथं लागली.

इथं आपल्याला पहिली गोष्ट कळते. ध्येय हे कुठंतरी तयार होऊन पडलेलं आहे, आपण ते फक्त शोधायचं, सापडलं की मग कष्टांना सुरुवात करायची, असा आपला समज असतो. त्यामुळे कितीतरी माणसं वाट बघत बसतात. 'मला अजून माझी आवडच सापडली नाही हो!' पण कर्व्यांच्या बाबतीत क्रम उलटा दिसतो. आधी हाताला लागलेलं काम नेकीनं केलं, त्या कामातून माणसं भेटली, त्या माणसांची दुःखं जवळून दिसली आणि त्यातून ध्येय आकाराला आलं. आपल्याकडे म्हणतातच, आधी पोटोबा मग विठोबा. या म्हणीला आपण हसतो, पण तिच्यात क्रमाचं शहाणपण आहे. पोटोबा हा विठोबाचा शत्रू नव्हे. बऱ्याचदा विठोबाची वाट पोटोबाच्या दारावरूनच जाते.

ध्येय स्पष्ट होत जातं ते कसं?

१८९१ हे साल कर्व्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचं. त्या वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला त्यांना बोलावणं आलं. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर गणिताची जागा मोकळी होती, आणि कर्व्यांना आणण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांचा पुढाकार होता. कर्वे पुण्याला आले.

दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होत्या. वयाच्या आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकत होत्या. १८९३ साली हा विवाह झाला, गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे लोक त्यांना 'बाया कर्वे' म्हणून ओळखू लागले. मुरुडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरी उतरायची चोरी झाली. कर्व्यांच्या आईला आणि भावाला त्याचा किती त्रास झाला असेल याची कल्पना करा.

त्याच वर्षी विधवाविवाहाचा पुरस्कार करणारी मंडळी त्यांनी सुरू केली. म्हणजे ध्येय सापडलं म्हणायचं का? थांबा. काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की पुनर्विवाहाला तयार होणारी घरं फार थोडी. बाकीच्या हजारो मुली, ज्यांचं पुन्हा लग्न होणार नाही, त्यांचं काय? त्यांना पायावर उभं करायचं तर शिक्षण हवं. पण पुनर्विवाह आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, तर आईबाप मुलींना शिकायलाही पाठवणार नाहीत. मग त्यांनी निवड केली. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली, तिचं काम शिक्षणापुरतं ठेवलं आणि पुढे पुनर्विवाहाच्या चळवळीतल्या जबाबदारीतून ते बाजूला झाले.

यावर सुधारक नाराज झाले. सनातनी आधीपासूनच नाराज होते. पुनर्विवाह पटला नाही म्हणून त्यांनी तो सोडला असं नव्हे. त्यांनी तर स्वतः तो केला होता. पण एका माणसाच्या अंगात किती कामं मावतील आणि कोणत्या कामानं जास्त जणींचं भलं होईल, याचा हिशेब त्यांनी केला. गणिताचे प्राध्यापक ते!

दुसरी गोष्ट ही. ध्येय ठरवणं म्हणजे 'काय करायचं' एवढंच ठरवणं नाही, 'काय करायचं नाही' हेही ठरवणं आहे. आणि सोडायची ती वाईट गोष्ट असेल तर सोडणं सोपं असतं. चांगली गोष्ट, आपल्याला पटलेली गोष्ट बाजूला ठेवावी लागते तेव्हा खरी कसोटी लागते. नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत होते. आजच्या कष्टाळू माणसाची दमणूक बहुतेक वेळा इथून येते. तो आळशी नसतो, त्याच्याकडे पाच चांगली कामं असतात आणि पाचही अर्धी असतात.

हिंगण्याची वाट

आश्रमाची सुरुवात पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात झाली. पुढे प्लेगमुळे १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याला हलवला. आज आपण ज्याला कर्वेनगर म्हणतो तो हा भाग. आज तिथं जाताना वाहतुकीच्या कोंडीत आपण अर्धा तास अडकतो. तेव्हा तिथं माळरान होतं, नीट रस्ताही नव्हता. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली.

कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. काम संपलं की आश्रमासाठी लागणारं सामान घेऊन पायी हिंगण्याला. तिथं मुलींना शिकवायचं, रात्री मुक्काम करायचा, सकाळी पुन्हा पायी कॉलेजात. पावसाळ्यात चिखल, काटे, अंधार. हे काही एका आठवड्याचं साहस नव्हतं, दीर्घकाळ चाललेला रोजचा परिपाठ होता.

ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो आणि म्हणतो, 'केवढे हे कष्ट!' बरोबर आहे. पण त्यातली दुसरी बाजू पाहू. कर्व्यांनी नोकरी सोडली नाही. १८९१ ला ते फर्ग्युसनमध्ये आले आणि १९१४ साली निवृत्त झाले. तेवीस वर्षं. त्यातली अठरा वर्षं आश्रमाचं काम नोकरीच्या जोडीनं चाललं. हल्ली भाषणांमधून आपल्याला सांगितलं जातं की नोकरीवर लाथ मारा, स्वप्नांच्या मागे धावा. ऐकायला बरं वाटतं. पण कर्व्यांनी नियमित पगाराचा आधार ठेवला, म्हणून झोपडीला वर्गणी कमी पडली तरी दुसऱ्या दिवशी आश्रम बंद करायची वेळ आली नाही. ध्येयाला घाई नसावी, सातत्य असावं. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण पैशांबद्दल वापरतो, पण वेळेलाही ती तितकीच लागू आहे.

आता इथं जरा आकडेमोड करू. आठवड्याचे तास किती? १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले, उरले ११२. नोकरी आणि प्रवास मिळून रोजचे नऊ तास, सहा दिवस, म्हणजे ५४. उरले ५८. जेवणखाण, आंघोळ, घरकाम, बाजारहाट यांना रोज चार तास, म्हणजे २८. उरले ३०. या तीस तासांवर आजारपण, पाहुणे, मुलांचा अभ्यास आणि हातातला फोन हक्क सांगतात. सगळे तीस मिळणार नाहीत हे उघड आहे. पण त्यातले सात? रोजचा एक तास? वर्षाचे ३६५ तास होतात. दहा वर्षांचे ३६५०. एवढ्या तासांत एखादी भाषा शिकता येते, गावातल्या मुलांसाठी वाचनालय चालवता येतं, एखाद्या विषयाचा सखोल अभ्यास होतो. आपल्याला रोज दहा तास नसतात म्हणून आपण तो एक तासही सोडून देतो, असं अनेकदा होतं.

कष्ट आणि ढोरमेहनत

मराठीत श्रमांसाठी किती शब्द आहेत पाहा. कष्ट, मेहनत, परिश्रम, राबणं, खपणं, झिजणं. आणि 'ढोरमेहनत'. प्रत्येकाचा रंग वेगळा. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण पोचत कुठंच नाही. म्हणजे केवळ चालण्याला किंमत नाही, दिशाही पाहिजे. पण दिशा असली तरी न थांबता चालता येतं का?

याबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध आहे. अँडर्स एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यातून 'खूप सराव करा' एवढंच वाक्य जगभर पसरलं. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. जे विद्यार्थी सर्वांत पुढे होते ते सलग दिवसभर घासत नव्हते. ते ठरावीक बैठकांमध्ये पूर्ण लक्ष देऊन सराव करत, मध्ये विश्रांती घेत, आणि त्यांची झोपही जास्त होती. दुपारची डुलकीसुद्धा त्यात आली. म्हणजे झोप हा आळस नाही, सरावाचाच तो भाग आहे.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर वारीचं घ्या. शेतकरी पेरण्या उरकून आषाढीच्या वारीला निघतो. पाऊस लांबला तर जीव शेतात अडकतो, तरी शक्य तिथं कामाची व्यवस्था लावूनच निघायचं अशी रीत. आळंदीहून पंढरपूरला जाणारी पालखी एका दमात जात नाही. अडीच-तीन आठवडे लागतात. दुपारचा विसावा ठरलेला, रात्रीचा मुक्काम ठरलेला. मध्ये रिंगण असतं, तिथं अश्व धावतात, वारकरी फुगड्या घालतात, हसतात. पंढरपूर राहिलं दूर आणि हे खेळ कसले, असं कुणी म्हणत नाही. उलट विसावा, मुक्काम आणि रिंगण आहे म्हणूनच सत्तर वर्षांची आजीसुद्धा चालत पोचते. ध्येय, कष्ट आणि विश्रांती यांचं यापेक्षा चांगलं वेळापत्रक आम्हाला तरी दुसरीकडे दिसलेलं नाही.

किंमत कोण मोजतं?

आता आपण अवघड भागाकडे येतो. कर्व्यांच्या आयुष्यात सगळा समतोल होता असं आम्ही म्हटलं, तर ते खरं होणार नाही. त्यांनी स्वतःची मिळकत आणि साठवण संस्थेला देऊन टाकली. थोर त्याग आहे यात शंका नाही. पण त्या घरात बाया होत्या आणि मुलं होती. घर चालवायचं कुणी? पैशांची ओढाताण कुणाच्या वाट्याला? बायांनी सुईणीचं शिक्षण घेतलं, घर सांभाळलं, आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्याही फिरल्या. त्यांचं आत्मचरित्र आहे, 'माझे पुराण'. अण्णांच्या 'आत्मवृत्ता'च्या शेजारी ते ठेवून वाचलं तर एकाच घराची दुसरी खोली आपल्याला दिसते.

म्हणून समतोलाचा विचार करताना फक्त 'माझा वेळ, माझी शक्ती' एवढाच हिशेब पुरत नाही. माझ्या ध्येयाची किंमत माझ्याशिवाय आणखी कोण मोजतंय? त्या व्यक्तीला विचारलं आहे का? आज एखादा मुलगा पाच वर्षं अभ्यासिकेत बसतो तेव्हा गावाकडे वडील उसाच्या बिलाची वाट बघत असतात आणि बहिणीचं शिक्षण कधीकधी बारावीवर थांबतं. एखादा माणूस समाजकार्यात बुडून जातो तेव्हा त्याच्या बायकोचं स्वतःचं ध्येय कुठल्यातरी फळीवर धूळ खात असतं. ध्येयवाद सोडा असं आम्ही म्हणत नाही. पण घरात बसून एकदा उघड हिशेब करा, एवढं मात्र नक्की म्हणतो. किती पैसे, किती वर्षं, आणि नंतर कुणाची पाळी.

एक गोष्ट मात्र कर्व्यांकडून घेण्यासारखी आहे. त्यांनी काम स्वतःच्या मुठीत ठेवलं नाही. पार्वतीबाई आठवले, म्हणजे बायांची बहीण, स्वतः विधवा. त्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि पुढे संस्थेच्या एक खंद्या कार्यकर्त्या झाल्या. १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापन झाला तो या कामाला वाहून घेणारी माणसं तयार व्हावीत म्हणूनच. काम वाढलं की माणूस वाढवायचा, स्वतःचे तास वाढवत बसायचं नाही. आपल्यापैकी अनेकांची दमछाक 'माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही' या एका वाक्यामुळे होते.

ध्येयाचंही वय असतं

१९१४ साली निवृत्ती. वय छप्पन्न. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे आली होती. ती काही दिवस तशीच पडून होती. १९१५ साली राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका त्यांनी वाचली आणि पुढच्याच वर्षी, १९१६ साली, महिला विद्यापीठ सुरू झालं. शिक्षण मातृभाषेतून. सुरुवातीला विद्यार्थिनी मोजक्याच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. तेच आजचं एसएनडीटी.

पुढं १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न.

गावाचा फंड, मग पुनर्विवाह, मग विधवांचं शिक्षण, मग सगळ्या स्त्रियांचं शिक्षण, मग खेड्यांतल्या मुलांचं शिक्षण, मग माणसामाणसांतली समता. ध्येय बदललं का? बाहेरून पाहिलं तर पाच-सहा वेळा बदललं. आतून पाहिलं तर एकच धागा आहे. ज्याला कुणी विचारत नाही, त्याला उभं राहता येईल असं काहीतरी करायचं. म्हणून ध्येय बदललं म्हणजे आपण धरसोड करणारे ठरलो, असं मानायचं कारण नाही. रूप बदलतं. धागा टिकतो का, हे पाहायचं.

आणि एक सावधगिरी. कर्वे एकशे चार वर्षं जगले म्हणजे समतोलाचं बक्षीस दीर्घायुष्य असतं, असा अर्थ कुणी काढू नये. कर्व्यांच्या काळात फर्ग्युसनचे प्राचार्य असलेले गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली गेले, तेव्हा चाळिशीही पूर्ण झाली नव्हती. त्यांचं आयुष्य कमी अर्थपूर्ण होतं असं म्हणायची कुणाची छाती आहे? किती वर्षं मिळणार हे आपल्या हातात नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : मी सहा वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आता थांबावं की चालू ठेवावं?*

ज्या सदाशिव पेठेत आश्रम सुरू झाला, तीच सदाशिव पेठ आज अभ्यासिकांनी भरलेली आहे. जागा थोड्या, अर्ज लाखांत. यातले बहुतेक जण निवडले जाणार नाहीत, हे आधी मान्य करू. ती तुमच्या कष्टांतली खोट नाही, ते जागांचं गणित आहे. तुम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारा. अधिकारी 'होणं' हवं होतं, की अधिकारी होऊन काही 'करणं' हवं होतं? गावचं पाणी, शाळा, शेतकऱ्याची कागदपत्रं असं काही डोळ्यांसमोर असेल तर त्याला इतरही वाटा आहेत. सहा वर्षांत तुम्ही राज्यघटना, इतिहास, अर्थशास्त्र वाचलंत. हे ज्ञान निकालाच्या यादीबरोबर पुसलं जात नाही. आणि थांबायचं ठरलं तर तारीख ठरवून थांबा, घरी बसून सांगा, आणि हाताशी एक कमाईचं काम धरा. कर्व्यांनाही एका वर्षी साताऱ्याहून हात हलवत परत यावं लागलं होतं. ज्यांनी त्यांना परत पाठवलं त्यांनी फक्त त्यांची उंची पाहिली होती.

*प्रश्न : मी गृहिणी आहे, नोकरीही करते. मघाच्या आकडेमोडीतले तीस तास माझ्या आयुष्यात नाहीतच. मी काय करू?*

ताई, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मघाचा हिशेब घरकामाला चार तास धरून केला. अनेक घरांत बाईचे ते सहा-सात तास होतात, आणि ते तास घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी विश्रांतीत जमा झालेले असतात. म्हणून तुमच्या बाबतीत पहिलं काम वेळापत्रक बनवण्याचं नाही, वाटणी करण्याचं आहे. कामांची यादी एका कागदावर काढा, घरातल्या सगळ्यांसमोर ठेवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी तुमच्या नावावर झाल्या पाहिजेत. बायांच्या पिढीला हे मागता आलं नाही. तुम्ही मागा. आणि इथं जे पुरुष श्रोते आहेत, त्यांनी ताईंना मागायची वेळ येऊ देऊ नये.

*प्रश्न : माझं काही मोठं ध्येय नाही. दुकान नीट चालावं, मुलं शिकावीत एवढंच वाटतं. हे कमी आहे का?*

मुळीच नाही. प्रामाणिक मापाचं दुकान ही गावाची मोठी गरज असते. ध्येयाला आकाराची अट नाही. फक्त एवढं बघा, की तुमच्या कामाचा उपयोग घराच्या उंबऱ्याबाहेर एखाद्याला तरी होतोय का. मुरुडच्या फंडाला वर्गणी देणारी माणसंही संसारीच होती.

वेळ संपत आली. जाता जाता एक छोटं काम देतो. आज रात्री एक कागद घ्या आणि त्यावर तीन ओळी लिहा. सध्या माझ्या कष्टांचा उपयोग कुणाला होतोय? त्यासाठी मी कोणती चांगली गोष्ट बाजूला ठेवायला तयार आहे? आणि याची किंमत माझ्याबरोबर आणखी कोण मोजतंय? उत्तरं लगेच आली नाहीत तरी चालेल. कागद जपून ठेवा, उद्याचं काम मात्र वेळेवर सुरू करा.